यजमानांचं घर

९ फेब्रुवारी
सराव शिबिर

दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. आईला सांग, पोरगा धडधाकट आहे आणि वेळेवर जेवतो.

बातमी तुला कळली असेलच. वर्कशॉपमध्ये पेपर सगळ्यांच्या आधी तूच उघडतोस, आणि तोही मागच्या पानापासून. तरी माझ्या हातची म्हणून पुन्हा वाच. पुढच्या वर्षीची पुरुषांची जागतिक बास्केटबॉल स्पर्धा आपल्या देशाला मिळाली आणि तिचा एक गट आपल्या शहरात खेळणार आहे. नवं स्टेडियम कुठे होणार माहीत आहे? आपल्या गल्लीच्या मागे, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मैदानावर. नकाशा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. फोनवर ओरडून सांगितलं असतं, पण बसच्या बॉडीचे पत्रे ठोकून ठोकून तू कान घालवून बसलास. तेव्हा शाई खर्च करणं आलं.

यात एक मेख आहे. यजमान म्हणून आपल्या संघाला आयती जागा नाही. सप्टेंबरात आपल्या खंडाची स्पर्धा आहे. तिच्यात पहिल्या आठांत आलो तरच आपण आपल्या घरी खेळणार. नाही आलो तर मांडव आपला, दिवे आपले, आणि पंगतीत आपल्यालाच पान नाही. मी चौतिशी पार केली आहे. गुडघा बघून डॉक्टर काही बोलत नाहीत, नुसते चष्मा पुसतात. म्हणजे ही माझी शेवटची संधी, हे तुला वेगळं सांगायला नको.

काल पोस्टरसाठी फोटो काढून नेले. हात पसरून उभा राहा म्हणाले. खाली ‘या, तुमचं स्वागत आहे’ असं लिहिणार आहेत. संघात सगळ्यांत उंच मी, म्हणून मान मला. पण तुझ्या पाकिटावरचं नाव पोरांनी वाचलं, तेव्हापासून अख्खा संघ मला बुटक्या म्हणतो.

मी एक ठरवून टाकलंय. पहिला सामना संपला की संघाच्या बसमध्ये चढायचंच नाही. बॅग खांद्याला लावून मागच्या फाटकातून चालत घरी. वहिनींना सांग, ताट वाढून ठेवा.

आईच्या डोळ्यांचं काय? अजून थोडं दिसतं, की आता सगळा कारभार हातांवरच?

तुझा,
बुटक्या


२ मार्च

बुटक्या, आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग म्हणाली, आता तो चालत घरी येतो तेवढंच वाच. मी म्हटलं, अगं, अजून त्याला आठांत यायचंय. ती म्हणाली, त्यात काय, लहानपणापासून नळावर रोज पहिल्या आठांतच असायचा.

तिला आता डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नाही. पण घरात कुणाला पत्ता लागणार नाही. चुलीपासून पिंपापर्यंत, पिंपापासून मागच्या पायरीपर्यंत भिंतीला बोट न लावता जाते. भांडं जागेवर नसलं तर तुझ्या वहिनीला बोलणी बसतात. आमची दोघांची जोडी बघायला पाहिजेस तू. ती बोलते ते मी तिच्या ओठांवर वाचतो, मी बोलतो ते ती ऐकते. तिला डोळे नाहीत, मला कान नाहीत, पण भांडण अगदी व्यवस्थित होतं.

तुझं चित्र लागलं. गल्लीच्या तोंडाशी, शिंपीकाकांच्या दुकानासमोर, दोन मजले उंच. रंगाऱ्याने तुझं नाक जरा सरळ केलंय, त्याचे आभार मान. आईने हट्ट धरला म्हणून तिला तिथे घेऊन गेलो. तिचा हात तुझ्या बुटांपर्यंतच पोचला. त्यांच्यावरून हात फिरवत म्हणाली, नाड्या नीट बांधलेल्या आहेत ना रे? मी म्हटलं, हो, घट्ट आहेत. शिंपीकाका दुकानातून बाहेर आले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, याची पहिली चड्डी मी शिवली, दोन पोरांचं कापड लागलं होतं. गल्लीत सध्या माझा भाव वधारलाय. न्हावी पैसे घेत नाही.

मागच्या आठवड्यात फीत घेऊन माणसं आली होती. दारादारांवर लाल रंगाची खूण करून गेली. रस्ता थोडा रुंद करायचा असेल. मोठं काम निघालं की मोजमाप होतंच. तू त्यात लक्ष घालू नकोस. गुडघ्याला जप.

दादा


१८ एप्रिल
सराव शिबिर

दादा,

नवा कोच माझ्यापेक्षा लहान आहे, पण मला ‘सर’ म्हणतो. मला त्याचीच भीती वाटते. ज्याला काढायचं असतं त्याच्याशी माणसं फार गोड बोलतात. सेंटरच्या जागेला एक नवा मुलगा आलाय. उडी मारली की परत खाली येईल की नाही अशी शंका येते. मी उडी मारतो तेव्हा आधी गुडघ्याची परवानगी घ्यावी लागते.

लाल खुणांचं वाचलं आणि राहवलं नाही. महासंघाचे सचिव शिबिर बघायला आले होते, त्यांना गाठलं. हसले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, “कॅप्टन, तुमच्या गल्लीला फूटपाथ मिळतोय. उलट आभार माना.” तेव्हा आता निर्धास्त आहे. हो, कॅप्टन. बारा जणांची नावं अजून जाहीर व्हायची आहेत, पण संघात असलो तर कॅप्टन मीच, असं कोचने सांगितलं.

उन्हाळ्यात घरी येणं जमत नाही. दोन महिने परदेशात सराव सामने आहेत. आईला समजावून सांग. शिंपीकाकांना सांग, माझ्या मापाच्या चड्डीला अजून दोन पोरांचंच कापड लागतं.

बुटक्या


७ जून

बुटक्या,

यापुढे पत्र वर्कशॉपच्या पत्त्यावर टाक. गल्लीत खणून ठेवलंय, पोस्टमनला सायकल आत घालता येत नाही. तो आधीच आळशी, त्यात त्याला निमित्त मिळालं.

घरी सगळं ठीक. आई बरी. तुझी वहिनी बरी. वर्कशॉपला नव्या बसचं मोठं काम आलंय, म्हणून लिहायला फुरसत नाही. परदेशात पाणी उकळलेलं पी.

दादा


२ ऑगस्ट
परदेशातून

दादा,

तुझं पत्र म्हणजे तारच झाली आहे. चार ओळी, त्यातली एक उकळलेल्या पाण्यावर. तू रागावलास का माझ्यावर? उन्हाळ्यात आलो नाही म्हणून? दुसरं काही कारण मला सापडत नाही. आईने काही निरोप दिला असेल तर तो तरी तिच्या शब्दांत लिही. तुझ्या पत्रांत ती नुसती ‘बरी’ असते.

बारा जणांत माझं नाव आलं. एवढं वाचून तरी नीट पत्र लिही.

बुटक्या


२९ ऑगस्ट

भाऊजी,

तुम्हांला माझं अक्षर बघून नवल वाटेल. ह्यांना न सांगता लिहिते आहे. ह्यांनी बजावलं होतं, सप्टेंबर संपेपर्यंत भाऊजींना यातलं अक्षर कळता कामा नये, त्याचा खेळ बिघडेल. मी इतके दिवस ऐकलं. आता ऐकत नाही.

भाऊजी, आपलं घर राहिलं नाही. मे महिन्यात नोटीस आली आणि महिनाअखेर गल्लीची ती सगळी बाजू पाडली. तिथे स्टेडियमच्या गाड्या उभ्या राहणार आहेत. आम्हांला शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्या दिल्या. खोल्या वाईट नाहीत, पाणी घरात येतं. पण ज्या दिवशी सामान हलवलं, तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एका बाजूला मशीन भिंती पाडत होतं, आणि गल्लीच्या तोंडाशी तुमचं ते चित्र तसंच उभं. तुमच्या पसरलेल्या हातांखालून लोकांचे पलंग, पेट्या, शिलाई मशीन हातगाडीवर जात होतं. त्याच्याखाली लिहिलेलं, या, तुमचं स्वागत आहे.

शिंपीकाकांचं दुकानही गेलं. हातगाडीपाशी ते सगळ्यांसमोर ह्यांना म्हणाले, “तुमच्या धाकट्याने पाहुणे बोलावले आणि घरं आमची रिकामी केली.” ह्यांना ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. मान खाली घातली ती सामान पोचेपर्यंत वर केली नाही. आता वसाहतीत गल्लीतली माणसं आहेत, पण जिन्यात भेटली तर भिंतीकडे बघतात. तुमचं नाव कुणी काढत नाही.

आता आईंचं. त्यांना इथे काहीच सापडेना. चूल कुठे, पाणी कुठे, कॉट कुठल्या भिंतीला. रोज शिकवायचं, रोज विसरायच्या. हात सारखे हवेत. परवाच्या सोमवारी मी कपडे धूत होते. आई स्वयंपाकघरातून निघाल्या आणि डावीकडे वळल्या. जुन्या घरात डावीकडे मागची पायरी होती, तिथे उन्हाला जाऊन बसायच्या. इथे डावीकडे बाहेरचं दार आहे, आणि दाराबाहेर जिना. जिन्याला कठडासुद्धा नाही.

कमरेचं हाड मोडलंय. हॉस्पिटलात आहेत. डॉक्टर म्हणतात, या वयात ऑपरेशन नको. तुमची आठवण काढतात, पण बोलवा असं म्हणत नाहीत. बुटक्याचे सामने कधी, एवढंच विचारतात. वसाहतीच्या नाक्यावरून मी तुमच्या हॉटेलला दोनदा फोन लावून बघितला. कुणी तरी परक्या भाषेत बोललं आणि ठेवून दिला.

तुम्ही यावं की न यावं ते मी सांगणार नाही. पण तुम्हांला माहीत नसावं, हे मला पटत नाही.

वहिनी


९ सप्टेंबर
स्पर्धेच्या गावाहून

वहिनी, आणि दादा,

दोघांना मिळून लिहितो, कारण आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. वहिनी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. दादा, तू त्यांना बोलू नकोस.

पत्र घेऊन कोचकडे गेलो. त्याने वाचलं आणि म्हणाला, “सर, तिकीट आज काढून देतो. तुम्ही ठरवा.” मी रूमवर आलो, बॅग भरली, आणि बॅगेवर बसून राहिलो. गटातले दोन सामने आपण जिंकलोय, एक हरलोय. आता एकच सामना उरलाय. तो जिंकला की पहिल्या आठांत, हरला की घरी. नवा पोरगा पायाला मार लागून बसलाय. मी गेलो तर मधल्या जागेला उंच माणूस नाही.

माझ्या डोक्यात एकच येतं. घर गेलं, शिंपीकाकांचं दुकान गेलं, आई पडली. हे सगळं ज्या स्पर्धेसाठी झालं, तिच्यात आपणच नसलो तर हे कशासाठी गेलं? जिंकलो तर निदान शिंपीकाकांच्या समोर उभं राहून म्हणता येईल की आपण आहोत तिथे, आपली पोरं खेळतायत त्या मैदानात. मला दुसरं काही सांगता येत नाही, म्हणून मी बॅग रिकामी केली. शनिवारी सामना आहे. रविवारी निघतो. आईला सांगा, रविवारी निघतो.

बुटक्या


९ सप्टेंबर

बुटक्या,

तुझ्या वहिनीने तुला लिहिलं ते तिने काल मला सांगितलं. मी रागावलो. मग वर्कशॉपला गेलो, दिवसभर ठोकत बसलो, आणि संध्याकाळी राग राहिला नाही.

मी तुला खोटं लिहीत होतो. मला वाटलं, निदान एक माणूस तरी घरात राहतोय, मग ते घर त्याच्या डोक्यातलं का असेना.

आता माझं ऐक. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू मनात म्हणत असशील की जिंकलो तर भरपाई होईल. होणार नाही. घर गेलं ते गेलं. तू जिंकलास म्हणून भिंत उभी राहत नाही, हरलास म्हणून आणखी पडत नाही. खेळ हा खेळ आहे, त्याच्या गळ्यात आपलं घर बांधू नकोस.

आईची तब्येत खालावते आहे. ती मागत नाही, मी मागतो. सगळं सोड आणि ये.

दादा


१७ सप्टेंबर
स्पर्धेच्या गावाहून

दादा,

तुझी तार शनिवारी सकाळी मिळाली. तुझं पत्र मात्र आज, सगळं संपल्यावर. नऊ तारखेचं. मी बॅग रिकामी केली त्याच दिवशी तू ‘ये’ लिहीत होतास.

तार आली तेव्हा मी नाश्त्याला बसलो होतो. हॉटेलच्या पोऱ्याने बशीशेजारी ठेवली. ‘आई गेली. वाट पाहत नाही. दादा.’ मी ती घडी करून मोज्यात ठेवली आणि समोरचं अंडं संपवलं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला खेळू दिलं नसतं, आणि मग मी ती दुपार काय करत काढली असती, मला कळत नाही.

सामना तू रेडिओवर ऐकू शकत नाहीस, पेपरात वाचला असशील. पेपरवाल्यांनी लिहिलंय की कॅप्टनने आयुष्यातला सर्वोत्तम खेळ केला. ते खरं असेल. मला काही आठवत नाही. शेवटचं तेवढं आठवतं. बरोबरी होती. त्यांच्या पोराने लांबून टाकला, बॉल रिंगवर आपटून वर उडाला. खाली मी एकटा. बॉल माझाच होता, दादा. आयुष्यभर असले बॉल मी झोपेत घेतलेत. मी उडी मारली, गुडघा उठलाच नाही. बॉल माझ्या बोटांच्या टोकाला लागून मागे गेला, मागून धावत आलेल्या त्यांच्याच पोराने धरला आणि सहज आत टाकला. तेवढ्यात शिट्टी झाली. आयुष्यात पहिल्यांदा माझी उंची कमी पडली.

ड्रेसिंग रूममध्ये पोरं रडत होती. कोच माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, तुमच्यामुळे इथपर्यंत आलो.” मी बूट काढले, मोजा काढला, तार खाली पडली. त्याने उचलली, वाचली, आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसला.

रविवारी निघणार म्हणालो होतो. निघालो नाही. कुठे येऊ? तू पोचवून आलास, माझ्याशिवाय. घर म्हणून जिथे यायचं ती जागा गाड्या लावायला सपाट केली. इथल्या एका क्लबाला लहान मुलांना शिकवायला माणूस हवा आहे. मी हो म्हटलंय.

मला आईचं सगळं लिही. काही गाळू नकोस.

बुटक्या


४ ऑक्टोबर

बुटक्या,

काही गाळत नाही.

हाड मोडलं त्याने ती गेली नाही. पडून पडून छातीत पाणी झालं. पहिले काही दिवस चांगली बोलायची. नर्सला विचारायची, बाई, तुमचं लग्न झालं का, नसेल तर माझा धाकटा फार उंच आहे. शेवटी शेवटी तिचे ओठ नीट हलेनासे झाले. ती बोलत होती आणि मला कळत नव्हतं. इतकी वर्षं तिचं प्रत्येक वाक्य मी ओठांवरून उचललं, आणि आता मी समोर बसून कोरा. तुझी वहिनी तिच्या तोंडापाशी कान न्यायची आणि मग माझ्याकडे वळून तेच शब्द ओठांनी करून दाखवायची.

शुक्रवारी दुपारी वॉर्डाबाहेर भेटायला आलेल्या लोकांचा गलका असावा. आईने विचारलं, बाहेर एवढी गर्दी कसली? मी बोललो ते मला कसं सुचलं, माहीत नाही. म्हटलं, आई, आपण घरीच आहोत. मागे स्टेडियम भरलंय. बुटक्याचा सामना चालू आहे. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग विचारलं, जिंकतोय का? मी म्हटलं, पुढे आहे. तिने हात उचलला, भिंत चाचपायला जसा उचलायची तसा. तुझ्या वहिनीने तो धरला. ती म्हणाली, ताट झाकून ठेव, मांजर येईल.

त्यानंतर बोलली नाही. पहाटे गेली.

मी तुझ्यावर रागावलेलो नाही. रागावलो असतो तर सोपं गेलं असतं. तू त्या वेळी निघाला असतास तर तिला भेटला असतास, हे खरं आहे. ते पुसून टाकायला माझ्याकडे काही नाही. पण तू ये. घर नाही म्हणतोस, आम्ही आहोत.

दादा


२० जुलै

बुटक्या,

माझ्या एवढ्या पत्रांना तुझ्याकडून नुसती खुशालीची कार्डं आली. तरी लिहितो, कारण स्पर्धा कालच संपली आणि हे सांगायला मला दुसरं कुणी नाही.

आपला संघ नाही म्हटल्यावर तुझं चित्र हिवाळ्यातच उतरवलं. त्या जागी कप रंगवला. गावाला वाटलं होतं, कोण जाणार बघायला. पण लोक गेले. आपलं कुणी नसलं की माणसं कुणाला तरी आपलं करतात. एका लहानशा देशाचा संघ होता, सगळे सामने हरला, आणि त्यालाच सगळ्यांत जास्त टाळ्या.

शिंपीकाका आता आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली मशीन टाकून बसतात. स्टेडियमवरच्या स्वयंसेवकांची जाकिटं शिवायचं काम त्यांना मिळालं होतं, त्यावर दोन पास आले. परवा वर आले, दारात उभे राहिले आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलले, मला कळावं म्हणून. “चल. एकट्याला जाववत नाही.” वर्षभरात पहिल्यांदा बोलले.

आत जाण्याआधी आम्ही गाड्या लावायच्या जागेत थांबलो. खेळाडूंच्या बसेस रांगेने उभ्या. आमच्याच वर्कशॉपच्या. एकीचा मागचा पत्रा मी बसवलेला, रिव्हेट मी मारलेले. कडेचं जुनं झाड तोडायचं राहिलंय, त्याच्यावरून मी अंदाज घेतला. ती बस आपल्या स्वयंपाकघरावर उभी होती. काका म्हणाले, “माझं दुकान कुठे आलं?” मी दाखवलं. तिथे तिकिटाची खिडकी आहे. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “मी त्याला फार बोललो रे.” मी म्हटलं, “त्याला कुठे, मला बोललात.” म्हणाले, “तेच ते.”

सामना चांगला झाला. आवाज मला नाही, पण बाकाला हात लावला की हादरे कळत होते. काकांनी एकदा विचारलं, तो असता तर कुठे उभा राहिला असता? मी रिंगखालची जागा दाखवली. त्यानंतर ते बॉल कुठेही असला तरी तिथेच बघत होते.

दादा


११ ऑगस्ट
परदेशातून

दादा,

सामने क्लबच्या टीव्हीवर लागायचे. पोरं बघायची, मी कोर्ट झाडायच्या निमित्ताने बाहेर असायचो. शेवटच्या दिवशी मात्र बसलो. सुरुवातीला त्यांनी आकाशातून स्टेडियम दाखवलं. मी आपली गल्ली शोधत होतो. कुठून सुरू व्हायची तेसुद्धा सापडेना. शेजारच्या पोराने विचारलं, सर, हेच ना तुमचं गाव? मी म्हटलं, हो. त्याने विचारलं, मग तुमचं घर दाखवा. मी उठून टीव्हीपाशी गेलो, काचेवर बोट ठेवायला, आणि तेवढ्यात चित्र बदललं.

तेव्हापासून पोरांना शिकवण्यात मन लागत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता लंगडतो, पण चालतो. मला आईची जागा बघायची आहे, ती पडली ती. काकांना भेटायचं आहे. ते काय बोलायचे ते बोलू देत.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला दुपारच्या गाडीने उतरतो. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, तुझा खाडा होईल. पण मला नवं घर माहीत नाही, दादा. इतकी वर्षं गावोगाव खेळलो आणि प्रत्येक ठिकाणाहून घरचा रस्ता पाठ होता. स्टेशनवरून कसं यायचं ते सविस्तर लिही.

बुटक्या


२३ ऑगस्ट

बुटक्या,

स्टेशनच्या पूर्वेच्या दाराने बाहेर पड. पश्चिमेने पडलास तर सवयीने जुन्या रस्त्याला लागशील. समोर बसथांबा आहे. एकोणीस नंबरची बस घे, नव्या वसाहतीची पाटी बघूनच चढ. एकोणीस नंबरच्या निम्म्या गाड्या मधूनच परत फिरतात. खिडकीशी डाव्या बाजूला बस. पुलावरून स्टेडियम दिसेल. बघायचं तर बघ, नसेल बघायचं तर उजवीकडे नदी आहे.

शेवटच्या थांब्याला उतर. सगळ्या बिल्डिंग सारख्या दिसतात, सगळे फसतात. आमची ती, जिच्या जिन्याखालून शिलाई मशीनचा आवाज येतो. काका तुला आधी बघतील. ते उठून उभे राहिले तर त्यांना बसवू नकोस, उभे राहू दे. किती वेळ उभे राहायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

मग जिना. लंगडतोस म्हणतोस, तर सावकाश चढ. चौथ्या मजल्याला लोखंडी कठडा आहे. आई गेल्यावर मी बसवला. आधी बसवायला हवा होता. धरून चढ, हलत नाही.

पाच तारखेला मी कामावर जाणार नाही. तुझी वहिनी सकाळपासून खिडकीत असेल, तिला कितीही सांगितलं तरी. आईची कॉट अजून तशीच आहे, तुला पुरणार नाही, पण पाय बाहेर काढून झोपशील. दार वाजवायची गरज नाही, उघडंच असेल. चौकट तुझ्या मानाने फार खाली आहे. वाकून आत ये.

दादा